घड्याळ न लावता ऑनलाइन बुद्धिबळ कुठं खेळावं?

मांजराकाठ (औसा): राम राम मंडळी. चुलतभावाबरोबर बुद्धिबळ खेळायचंय. तो चाकणला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलते. मी शेतात, थ्री फेज रात्रीची असली की पहाटेपर्यंत मोटारीपाशी. दोघांचा वेळ काही जुळंना. चार-आठ दिवस चाल आली नाही तरी डाव मोडू नये. बजेट शून्य, फोन जुना.

जालनेकर: फोनवर खेळूच नका, डोळे जातात. मी दिवाळीत दहा इंची टॅब घेतला, साडेसतरा हजारांना. पट असा स्वच्छ दिसतो की कोपऱ्यात दडलेला उंटसुद्धा सुटत नाही.

घोडा_अडीच (परभणी): लीचेस, बुद्धिबळाचं ॲप. फुकट आहे, जाहिराती नाहीत. मित्राला आव्हान देताना वेळेच्या जागी ‘अमर्याद’ निवडा. चालीला एक ते चौदा दिवस अशी मुदतही ठेवता येते, पण तुमच्या कामाला अमर्यादच बरं. त्या डावानं रेटिंग हलत नाही, एवढंच.

गोदातीर: मुदतीच्या नादी लागू नका, मी भोगलंय. जूनच्या वादळात गावातला पोल पडला. तीन दिवस लाईट नाही, टॉवर बंद. चालीला मुदतही तीनच दिवसांची. माझा हत्ती सातव्या ओळीत, समोरच्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, दोन चालींत मात होती. रेंज आली तर स्क्रीनवर ‘वेळ संपला, तुम्ही हरलात’. त्याच रात्री खातं बंद केलं.

जालनेकर: पॉवर बँक ठेवायची ना जवळ.

गोदातीर: टॉवरच बंद होता म्हणलं. पॉवर बँक काय करील?

नांदेडकर_७: आम्ही चौघं मित्र बोर्ड गेम अरेना या पटावरच्या खेळांच्या साइटवर कार्कासॉन नावाचा फरश्या जोडायचा खेळ खेळायलो. तिथंही मित्रांच्या टेबलाला वेळेची मर्यादा न ठेवण्याची सोय आहे. मी प्रीमियम घेतलंय, त्यामुळं प्रीमियमचे डाव मी लावतो अन् बाकीचे फुकट खेळतात. तुम्हीही घेऊन टाका.

मांजराकाठ: बजेट शून्य लिहिलंय हो.

काळे_पांढरे: बुद्धिबळ सोडा, ‘गो’ शिका, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. ओजीएस (ऑनलाइन गो सर्व्हर) या साइटवर वेळ अजिबात न लावता खेळता येतं. मुदत लावली तरी शनिवार-रविवार घड्याळ थांबवायची सोय आहे. मी सुरुवातीला नऊ बाय नऊच्या पटावर शिकलो.

बीडवासी: लीचेस घ्या. अमर्याद.

घोडा_अडीच: तेच तर मी वर लिहिलंय.

मांजराकाठ: सगळ्यांचे आभार. लीचेसवर दोन डाव झाले, चाललं झकास. पण आण्णा मागं बसून बघायलेत अन् त्यांना करमंना. ते देशी पद्धतीनं खेळतात: प्यादं पहिल्यांदाही एकच घर, अन् शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी. ती उडी तिथं घेताच येत नाही.

काळे_पांढरे: मग आण्णांना आंतरराष्ट्रीय नियम शिकवा. जुने नियम धरून काय उपयोग?

घोडा_अडीच: असं म्हणू नका. मीर सुलतान खान देशी पद्धतीवरच वाढले अन् १९२९ मध्ये इंग्लंडात जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं. पुन्हा १९३२ अन् १९३३ ला. पाया देशीच होता.

जालनेकर: टॅबवर बघा एकदा, आण्णांनाही मोठं दिसेल.

मांजराकाठ: ठरलं आमचं. ॲप काढलं. घरचा लाकडी पट कणगीवर मांडलाय. एक प्यादं हरवलंय, तिथं चिंचोका ठेवलाय. भावानंही खोलीवर तसाच पट मांडला. चाल व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायची, सोबत पटाचा फोटो, म्हणजे घोटाळा नको. भाऊ विरुद्ध आण्णा, नियम देशी. काल भावाची चाल आली, राजापुढचं प्यादं एक घर. आण्णा सकाळपासून दोनदा पटापाशी जाऊन आले, अजून हात लावला नाही. म्हणाले, सोयाबीनचं कोळपं उरकू दे, मग सांगतो.