इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत लावलेली बारीक नळी) तिसऱ्या दिवशी बदलायचीच, की बिघडली तरच?

रातपाळी_सिस्टर: आमच्याकडे नियम एकच. ७२ तास झाले की इंट्राकॅथ काढा, दुसऱ्या हाताला नवी लावा. काल एका आजींची निळी, म्हणजे २२ नंबरची, नियमापायी काढावी लागली. लाली नाही, सूज नाही, फ्लश, म्हणजे नळीत सोडलेलं सलाईन, सरळ जात होता. आणि मग नवीन शीर काही केल्या मिळेना. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला होता, ३,२८३ पेशंटचा. ठरावीक दिवशी बदला किंवा गरज पडल्यावर, फ्लेबायटिस, म्हणजे शिरेची सूज, दोन्हीकडे ७ टक्केच. मग हे टोचणं कशासाठी?

निवृत्त_मेट्रन: ‘गरज पडल्यावर’ म्हणजे गरज कुणाला तरी दिसली पाहिजे ना, बाई! रात्री अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर असताना प्रत्येकाचा हात कोण बघतं? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी २०१८ मध्ये ९६ तासांनी बदलायचा नियम काढून टाकला, रक्तातला संसर्ग वाढला आणि २०१९ मध्ये तो परत आणला. तिथे ही गत, मग आपलं काय?

रातपाळी_सिस्टर: मॅडम, तो आधी-नंतरचा हिशेब होता, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट नव्हते. आणि संसर्ग वाढला तरी मुळात आकडा लहानच होता.

निवृत्त_मेट्रन: ज्याला सेप्सिस होतो त्याला आकडा लहान आहे हे सांगून बघ.

कॅज्युअल्टीवाला: तुम्ही दोघी काढण्यावर भांडताय, घोळ लावतानाच होतो. ग्लोव्हचं बोट फाडून उघड्या बोटाने शीर चाचपायची, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, परत त्याच जागी बोट लावायचं आणि ओलं असतानाच सुई आत. स्पिरिट वाळेपर्यंत थांबलेलं मी तरी फार कमी वेळा पाहिलंय. घाईत, कोपराच्या वळणावर लावलेली असेल तर ७२ कसले, ४८ तासांच्या आत काढा. या बाबतीत मी मॅडमच्या बाजूने. पण वॉर्डात नीट हात धुऊन फोरआर्मला (कोपर ते मनगट) लावलेली चांगली चालणारी लाइन तारखेवर काढणं मलाही पटत नाही. लहान मुलांची तर नाहीच नाही.

पेशंटचा_मुलगा: मी यातला नाही, पण एक विचारतो. वडिलांच्या हातावर पांढरी चिकटपट्टी अशी गुंडाळली होती की सुई कुठे शिरलीय तेच दिसेना. तारीख पण लिहिली नव्हती. अशात लाली दिसणार कुणाला?

रातपाळी_सिस्टर: दादा, बरोबर आहे. पारदर्शक ड्रेसिंग सगळीकडे मिळत नाही. पण तारीख-वेळ लिहायला पेन पुरतं. दुखतंय किंवा हात जड झालाय असं पेशंट म्हणाला तर लगेच बोलवा, सलाईन संपायची वाट बघू नका.

निवृत्त_मेट्रन: अजून एक. औषध गोळ्यांवर आलं तरी ‘असू दे, लागली तर’ म्हणून तशीच ठेवलेली इंट्राकॅथ. ती आधी काढा, ७२ चा वाद नंतर घालू.

रातपाळी_सिस्टर: हे शंभर टक्के मान्य. पण बाकीच्यांसाठी व्हीआयपी स्कोअरचा, म्हणजे लाली-सूज-दुखणं बघून गुण द्यायचा, तक्ता लावू या. दर पाळीला हात बघायचा, दोन आले की काढायची. मग तारखेची गरज काय?

निवृत्त_मेट्रन: तक्ता आमच्याकडेही होता. सकाळी सहाला अख्ख्या वॉर्डाची शून्यं एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने भरलेली असायची.