भोसलेकालीन नागपूर पायी पाहायचे असल्यास कोणत्या वाटेने जावे?

प्रश्न — त्रिमूर्तीनगरवासी

नमस्कार. नोकरीमुळे नागपुरात राहतो, पण घर आणि कचेरी दोन्ही शहराच्या पश्चिमेला असल्याने जुन्या शहरातील महाल-इतवारी या वस्त्यांकडे खरेदीपुरतेच जाणे होते. येत्या जानेवारीत साताऱ्याहून आई-बाबा येत आहेत. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून नागपूरकर भोसल्यांच्या बंगाल-ओरिसातील स्वाऱ्या हा त्यांचा आवडीचा विषय आहे. दीक्षाभूमी, फुटाळा आणि अजब बंगला त्यांनी मागच्या खेपेस पाहिले. या वेळी जुने शहर गल्लीबोळांतून चालत पाहावे, अशी त्यांची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी, काय चुकवू नये आणि आईला मधूनमधून बसता येईल अशा जागा वाटेत आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ — महालकर

आपल्या वडिलांना हे शहर आवडेल, मात्र आधी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला मुख्य राजवाडा १८६४ साली आगीत जळाला. त्यामुळे शनिवारवाड्यासारखी तटबंदी समोर उभी राहील, या अपेक्षेने येथे येऊ नये. जे उरले आहे ते दारांत, खांबांत, देवळांच्या शिखरांत विखुरलेले आहे, आणि ते पायी फिरणाऱ्यालाच दिसते.

सुरुवात गांधीसागर तलावापासून करावी. हा जुना जुम्मा तलाव, म्हणजेच शुक्रवारी तलाव. देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले, त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने राजधानी येथे आणली, गावाला तट बांधला आणि तटाबाहेर हा तलाव करवून घेतला. १७३९ मध्ये चांद सुलतान वारल्यावर वारसाचा तंटा उभा राहिला, राणीने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले, आणि पुढच्या काही वर्षांत राज्याचा कारभार भोसल्यांच्या हाती गेला. बाबांना हे ठाऊक असेलच, परंतु तलावाच्या काठावर उभे राहून तटाकडे तोंड केले की गोंडांनी आखलेल्या गावातच मराठ्यांनी आपले शहर कसे वाढवले, ते जागेवर उमगते. आज आपण सगळेच जुन्या नागपूरला भोसल्यांचे शहर म्हणतो. गोंड राजांचे ऋण त्यात झाकले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तलावावरून महालाकडे निघाले की गांधीगेट लागते. हाच जुन्या तटाचा जुम्मा दरवाजा. बहुतेक जण त्याखालून गाडी काढतात आणि वर पाहतही नाहीत. तेथे थांबून कमान, दगड आणि जोडकाम नीट पाहावे. आत शिरल्यावर मुख्य रस्ता सोडून चिटणवीसपुऱ्याकडे वळावे. तेथील चिटणवीसांचा वाडा भोसलेकालीन असून सागवानी खांब आणि चौकांची मांडणी यांसाठी तो पाहण्यासारखा आहे. त्यालाच लागून मुरलीधराचे देऊळ आहे. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे परवानगीवाचून आत पाऊल टाकू नये; आधी विचारणा करावी, आणि नकार मिळाला तर बाहेरूनच पाहून पुढे जावे.

मग कोतवालीजवळचा नगारखाना आणि तेथून रुक्मिणी मंदिर. वेळ कमी पडला तर बाकी सगळे गाळा, पण रुक्मिणी मंदिर गाळू नका. दगडातले असे कोरीव काम नागपुरात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. सकाळी आईंना तेथे निवांत बसताही येईल.

उत्तर २ — इतवारीचा रहिवासी

महालकरांचा मार्ग उत्तम आहे. केवळ राजघराण्याच्या खुणा पाहून मात्र जुने नागपूर पुरे होत नाही, म्हणून थोडी भर घालतो. या शहराचे दुसरे अंग बाजारांचे आणि कारागिरांचे आहे. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी या वस्त्या आठवडी बाजारांवरून ओळखल्या जातात, आणि हलबा-कोष्टी विणकरांचे माग एकेकाळी गोळीबार चौक, तांडापेठ, हंसापुरी या भागात घरोघरी चालत. पुढे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये तलावाच्या अंगाला सुरू झाली आणि सूत व कापड यांचा व्यवहारच पालटला. मिलच्या जागी आता मॉल आहे. विणकरांच्या गल्ल्या मात्र अजून आहेत, आणि सावजी रश्शाची चवही याच वस्तीने नागपूरला दिली.

चितारओळीत अवश्य जावे. गणपती आणि देवीच्या मातीच्या मूर्ती येथे घडतात. गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत गर्दी कमी असल्याने कारागिरांशी दोन शब्द बोलता येतील. मेट्रोचे चितारओळी चौक स्थानक सेंट्रल अव्हेन्यूवर असल्याने आपल्याला पश्चिमेकडून गाडी न काढताही येता येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायचे पुतळे, याच जुन्या वस्तीतून निघते. बाबांना पुन्हा येणे जमले तर तो दिवस साधावा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा घोष अरुंद रस्त्यात ऐकल्याशिवाय त्या मिरवणुकीची कल्पना येत नाही.

उत्तर ३ — पायवाट

दोन्ही सल्ले चांगले आहेत, पण महाल आणि इतवारी एकाच दिवशी उरकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठांबरोबर चालताना प्रश्न अंतराचा नसून रहदारीचा असतो. सकाळी दहानंतर हातगाड्या, ई-रिक्षा आणि मालाचे टेम्पो यांतून वाट काढता काढता वर पाहायची सोयच राहत नाही. म्हणून एका सकाळी महाल आणि दुसऱ्या सकाळी इतवारी करावी. दोन्ही वेळा सातच्या सुमारास निघावे, कारण जानेवारीतले ऊन तेव्हा कोवळे असते आणि देवळेही उघडी असतात. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात जुन्या घरांची बरीच दर्शनी बाजू गेली आहे, तेव्हा तो रस्ता वगळून आतल्या बोळांनी जाणे बरे.

बाबांसाठी आणखी एक ठिकाण सुचवतो: शुक्रवारी भागातल्या भोसले राजांच्या छत्र्या, म्हणजे समाधीवास्तू. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, वारस मान्य न करता इंग्रजांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि राजघराण्याच्या चीजवस्तू लिलावात काढल्या. तो इतिहास वाचलेल्या माणसाने छत्र्या पाहिल्याशिवाय परतू नये.

फिरणे झाल्यावर तर्री (तिखट रस्सा) घातलेले पोहे आणि सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) खायला आईंनाही घेऊन जा. तर्री वेगळी मागून घ्यावी, म्हणजे तिखट झेपेल तेवढेच घेता येते.

त्रिमूर्तीनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. महाल आणि इतवारी वेगवेगळ्या दिवशी करू. सीताबर्डीचा किल्लाही बाबांनी यादीत घातला आहे. तो याच फेरीत जोडता येईल का?

महालकर

किल्ला लष्कराच्या ताब्यात असून एरवी आत जाता येत नाही. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो सर्वांसाठी खुला होत आला आहे, तेव्हा आई-बाबांचा मुक्काम प्रजासत्ताक दिनापर्यंत ठेवता आला तर पाहावे. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली नोव्हेंबर १८१७ ची लढाई झाली ती याच टेकड्यांवर, आणि किल्ला इंग्रजांनी त्या लढाईनंतर बांधला. त्या दिवशी गर्दी मोठी असते आणि चढही आहे. आईंना चढायचे नसेल, तर त्यांना टेकडी गणपतीच्या देवळात बसवून आपण दोघांनी वर जाऊन यावे.