मदत हवी आहे: दोघांचाही स्वतःचा धंदा, पीएफ-पेन्शन काही नाही, साठीनंतरची सोय कशी करायची?

नमस्कार मंडळी. आम्ही कराडला राहतो, मी घरीच लेडीज टेलरिंग करते आणि मिस्टर लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतात. मी ४३, ते ४६, मुलगी नववीत आहे. पगार नाही म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आज काम केलं तर आज पैसे. आत्तापर्यंत जे साठलं ते कॅमेरे, लेन्स, घराचा हप्ता यात गेलं आणि ते गरजेचंच होतं. पण आता माझे डोळे शिवताना दुखायला लागलेत, काळ्या कापडावर हुक लावायचे म्हटलं की दुपारच्या उजेडातच बसावं लागतं, आणि त्यांना पण दिवसभर उभं राहून रात्री वरातीपर्यंत कॅमेरा धरायचा म्हणजे अजून किती वर्षं जमणार हा प्रश्न आहेच.

आमची खरी अडचण रकमेपेक्षा पैसे येण्याच्या वेळेची आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघाले की पुढे मे-जूनपर्यंत दोघांनाही श्वास घ्यायला वेळ नसतो. आषाढी झाली की त्यांच्या ऑर्डरी जवळजवळ बंद, माझं गौरी-गणपती आणि दिवाळीला थोडं चालतं, पितृपक्षात तर कोणी ब्लाऊजपीस पण आणून देत नाही. त्यामुळे दर महिन्याला ५ तारखेला ५ हजार कापून जातील असं काही लावलं की श्रावण-भाद्रपदात खात्यात पैसे नसतात आणि हप्ता परत गेला की बँक दंड लावते ते वेगळंच.

मी जे बघितलं ते असं. सरकारच्या अटल पेन्शन योजनेला वयाची अट ४० पर्यंत, म्हणजे आम्ही दोघंही बाहेर. पीपीएफला (कोणालाही उघडता येणारं भविष्य निर्वाह निधीचं खातं) ७.१ टक्के व्याज आहे आणि सरकारी आहे म्हणून मनाला बरं वाटतं, पण १५ वर्षं पैसे अडकणार आणि मुलगी तीन वर्षांत बारावी होईल, तेव्हा फीला काय करायचं? एनपीएसचं (सरकारची राष्ट्रीय पेन्शन योजना) ऐकलंय की साठीपर्यंत सहज हात लावता येत नाही आणि नंतरही बहुधा काही भागाची पेन्शनच घ्यावी लागते. जाऊबाई म्हणतात गावातल्या पतसंस्थेत ठेव, बँकेपेक्षा व्याज जास्त देतात. सासरे म्हणतात दोन गुंठे घेऊन टाका, जमीन कुठे पळून जात नाही. त्यांचं मन मोडायचं नाहीये पण म्हातारपणी औषधाला पैसे लागले तर अर्धा गुंठा कोण विकत घेणार?

आज आमचा घरखर्च हप्ता सोडून २५ हजारांच्या आसपास आहे. महागाई ६ टक्के धरली तर मी साठीची होईन तेव्हा याच खर्चाला ६७ हजार लागतील, हा हिशोब केला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. वर्षाला दोघांचे मिळून सव्वा लाखापर्यंत बाजूला पडू शकतील, त्याहून जास्त नाही. ज्यांचं उत्पन्न असंच सीझनवर आहे त्यांनी कसं बसवलंय ते प्लीज सांगा. मुलीवर आमचा भार नको, एवढंच डोक्यात आहे.

प्रतिसाद:

ताई, मी बरीच वर्षं पोस्टाच्या बचतीचं एजंटचं काम करते, तुमच्यासारखी खूप घरं बघितलीत म्हणून सविस्तर लिहिते. पीपीएफला दरमहा हप्ता भरायची सक्तीच नाही हो, वर्षात ५०० रुपये तरी पडले पाहिजेत आणि जास्तीत जास्त दीड लाख, मधे कधीही कितीही भरा. म्हणजे लग्नसराईत पैसे आले की एकदम टाका आणि पावसाळ्यात विसरून जा. फक्त महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी शिलकेवर व्याज धरतात, ६ तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. दोघांची खाती वेगळी उघडा. एका खात्यात दरवर्षी ६० हजार एप्रिलच्या सुरुवातीलाच पडले आणि व्याजदर हाच राहिला तर १५ वर्षांनी साधारण सव्वासोळा लाख होतात, त्यावर टॅक्स नाही.

पण मुलीच्या फीचे पैसे त्यात घालू नका. सातव्या आर्थिक वर्षापासून थोडे काढता येतात, तुम्हाला तर तीन वर्षांत लागणार. ते साध्या एफडीत ठेवा, आणि चार-पाच महिन्यांचा घरखर्च पण. आधी हा पावसाळ्याचा गल्ला आणि मेडिक्लेम, मग म्हातारपण, नाहीतर एका ऑपरेशनमध्ये सगळी बचत मोडावी लागते.

पतसंस्थेचं मात्र नीट ऐका. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेला पण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हातारपणाचा पैसा तिथे नको, व्याज कितीही देऊ देत.

एनपीएस अगदी सोडू नका. नुसत्या ७ टक्क्यांवर महागाईच्या फारसं पुढे जाता येत नाही, एनपीएसमध्ये काही भाग शेअर्समध्ये जातो, वर-खाली होतं पण तुमच्या हातात १४-१७ वर्षं आहेत. त्यातही वर्षाला १००० भरले तरी खातं चालू राहतं. आणि साठीनंतर पोस्टाची सीनियर सिटीझन योजना आहेच, सध्या ८.२ टक्के, एकाला ३० लाखांपर्यंत, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. जमलेली रक्कम तिथे वळवायची म्हणजे घरखर्चाला नियमित पैसे येतात.

धागाकर्ती:

खूप खूप आभार ताई, दरमहा सक्ती नाही हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, बँकेतल्या मुलाने पण नाही. मिस्टरांशी बोलले, मुलीचे पैसे वेगळे काढून उरलेल्यात दोघांची पीपीएफ खाती उघडतो आणि एनपीएस सध्या फक्त माझ्या नावाने छोट्या रकमेने सुरू करतो. एकच विचारायचंय, एनपीएसमध्ये शेअर्सचा भाग किती ठेवावा ते आपण ठरवायचं की वयाप्रमाणे आपोआप कमी होतो तोच पर्याय घ्यावा? आम्हाला दोघांनाही रोज मार्केट बघायला वेळ नाही. कोणी घेतलं असेल तर अनुभव लिहा, आणि मेडिक्लेम घेताना काय बघावं तेही.