मदत हवी आहे: सीटीसाठी सिरिंजवाला इंजेक्टर घ्यावा की सिरिंजलेस?

आमचा जुना ड्युअल हेड इंजेक्टर (स्कॅनच्या वेळी कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट करणारं औषध, आणि सलाइन शिरेत दाबाने सोडणारं दोन सिरिंजचं यंत्र) बदलायचा आहे. फक्त सीटीसाठी, एमआरआयचा प्रश्न नाही. काम मुख्यतः पोटाचे स्कॅन, अधूनमधून कोरोनरी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन). म्हणजे ५ मिलि प्रति सेकंद फ्लो आणि मागून सलाइन हवंच.

दोन्ही प्रकारांचे डेमो पाहिले. सिरिंजलेसमध्ये बाटलीतून थेट कॉन्ट्रास्ट जातो आणि पेशंटगणिक फक्त शेवटची नळी बदलायची. त्यामुळे २०० मिलिच्या सिरिंजमध्ये उरलेलं औषध फेकावं लागत नाही, हे मला फार पटलं. पण ज्या दिवशी पेशंट कमी, त्या दिवशीही २४ तासांनी पूर्ण डे-सेट (दिवसभर सगळ्या पेशंटसाठी वापरायचा नळ्यांचा संच) टाकून द्यावाच लागतो.

कॉन्ट्रास्ट आम्ही ३७ अंशांवर गरम करूनच वापरतो, स्कॅनरशी सिंक होतो हेही तपासलंय. खरी काळजी २२ गेजच्या कॅन्युलाची (शिरेत घालायची नळी; गेजचा आकडा मोठा तितकी ती बारीक) आहे. म्हाताऱ्या पेशंटच्या शिरा नाजूक, मोठी कॅन्युला बसतच नाही. प्रेशर लिमिट लागलं की यंत्र फ्लो कमी करतं आणि एन्हान्समेंट (कॉन्ट्रास्टमुळे चित्रात येणारा उजळपणा) फिकं येतं. डेमोमध्ये हे दिसलं नाही, तिथे १८ गेज होता.

रोज सिरिंजलेस वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: २२ गेजवर फ्लो टिकतो का, आणि हवेचे खोटे अलार्म कितपत येतात?