मदत हवी आहे: वाढवण बंदराच्या रस्त्यात वाडीचा मधला पट्टा जातोय, आता नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आमची वाडी डहाणू तालुक्यात, चिंचणीपासून थोडी आत. चिकू मुख्य, कडेने माड, चार-सहा आंबे आणि आजोबांनी बांधलेली विहीर. वाढवण बंदरापासून तवा गावाजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळणारा सुमारे 32 किलोमीटरचा जो नवा रस्ता होणार आहे, त्याच्या थ्री ए नोटिशीत (महामार्ग कायद्याखाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) आमचा गट नंबर आलाय. आधीच सांगतो, बंदर हवं की नको यावर कृपया इथे भांडू नका. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे मीही भरपूर भांडलोय.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. धक्के समुद्रात होणार आहेत. 1,448 हेक्टर भराव, 10.14 किलोमीटरचा लाटरोधक बांध आणि प्रत्येकी 1000 मीटर लांबीची 9 कंटेनर टर्मिनल. मंजुरी 19 जून 2024 ची, खर्च 76,220 कोटी. त्यामुळे मुंबईचे नातेवाईक म्हणतात, "बंदर तर पाण्यात आहे, तुमचं काय जातंय?" जातंय ते रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी. पूर्ण क्षमतेने वर्षाला 2 कोटी 32 लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) हाताळायचे, तर ते डबे बाहेर काढायला वाट लागणारच. मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गापर्यंत 12 किलोमीटरची रेल्वे आणि हा रस्ता, ती वाट आमच्या चिकूतून जाते.

माझ्या अडचणी अशा. मोजणीवाले येऊन खोडांवर लाल ऑइलपेंटने नंबर टाकून गेले. मोठी झाडं घेतली, पण तीन वर्षांपूर्वी लावलेली कलमं सोडून दिली. "फळावर आली नाहीत" म्हणे. विहीर पंचनाम्यात "कच्ची" लिहिली आहे. आत वाकून बघितलं असतं तर तळापर्यंत काळ्या दगडाची बांधणी दिसली असती. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. वडील, काका आणि दोन आत्या. धाकटी आत्या वारली, तिची मुलं सुरतला. सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे रस्ता वाडीच्या मधून गेल्यावर उरतात दोन तुकडे, आणि पश्चिमेच्या तुकड्यात जायला वाटच राहत नाही.

हरकतीला अजून दिवस आहेत. त्यात काय लिहू? भाव कमी मिळेल याची भीती आहे, तेही त्यातच लिहायचं का?

जुना_कारकून

भूसंपादन शाखेत नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावाचं हरकतीत लिहू नका. थ्री सी ची हरकत ही जमीन या कामासाठी घेण्यावर असते, आणि थ्री ए राजपत्रात आल्यापासून 21 दिवसांत लेखी द्यावी लागते. दराबद्दल लिहिलंत तर सुनावणीत "हा विषय नंतरचा" असं एका ओळीत निकालात काढतील. त्याऐवजी जागेचं लिहा: तुकडा तुटतो, वाट बंद होते, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं. तुमच्या पट्ट्यात खाजण (भरतीच्या खाऱ्या पाण्याची सखल जमीन) जवळ आहे. रस्त्याचा भराव उंच झाला आणि मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) चुकीच्या जागी पडली, तर पाणी वाडीत तुंबेल आणि चिकू मुळाशी कुजेल. हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यावर पाण्याची दिशा बाणाने दाखवा आणि "या ठिकाणी मोरी व भुयारी वाट द्यावी" असं स्पष्ट मागा. पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका.

थ्री डी (जमीन घेतल्याची घोषणा) प्रसिद्ध झाली की जमीन कायद्याने केंद्र सरकारची होते, मग तुम्ही पैसे घ्या किंवा घेऊ नका. थ्री ए पासून वर्षाच्या आत थ्री डी निघाली नाही तर थ्री ए रद्द होते (मधे कोर्टाची स्थगिती असेल तर तो काळ धरत नाहीत), म्हणून या दोन तारखा लिहून ठेवा. दराची वेळ येते थ्री जी ला, म्हणजे मोबदला ठरताना. तेव्हा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते आणि मागणी दाखल करायची असते. बाजारभाव थ्री ए च्या तारखेचा धरतात, निवाड्याच्या (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या) दिवसाचा नाही. त्यावर 2013 च्या कायद्याप्रमाणे झाडं, विहीर, बांधकाम यांचं मूल्य आणि शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच आणखी. बाजारभावावर वर्षाला 12 टक्के वेगळे.

तुमच्या तुटलेल्या तुकड्यासाठी खास कलम आहे: थ्री जी चं पोटकलम 7. जमीन तुटल्याने उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं, तेही मोबदल्यात धरायचं असतं. लोक हे मागतच नाहीत. गेलेल्या गुंठ्यांचा हिशेब करतात आणि राहिलेल्याला विसरतात.

झाडांसाठी सातबाऱ्यावरचा पीकपेरा बघा. तिथे "चिकू" आहे की नुसतं "गवत"? चुकीचं असेल तर ई-पीक पाहणीत आत्ताच नोंद करा आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) जमवा. चिकू जवळजवळ वर्षभर चालतो, तेव्हा सगळ्या हंगामांच्या पट्ट्या हव्यात. कलमांचे नर्सरीचे बिल, विहिरीवरच्या पंपाचं वीजबिल आणि विहिरीच्या आतल्या बांधणीचे फोटो लावून फेरपंचनाम्याचा अर्ज वेगळा द्या. हरकतीत तो कालवू नका.

उरणकर

आमच्याकडची गोष्ट. न्हावाशेवा बंदर 1989 ला सुरू झालं. त्याआधी 1984 मध्ये जासई-पागोट्याला जमिनीसाठी गोळीबारात माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचा विषय मार्गी लागला, आणि भूखंड हातात पडायला पुढे कितीतरी वर्षं गेली. सभेत कोणी काय कबूल केलं याला शून्य किंमत धरा.

दुसरं, सर्व्हिस रोड आत्ताच मागा. बंदर चालू झालं की ट्रेलर उभे करायला जागा पुरत नाही आणि ते गावच्या रस्त्याला लागतात. आमच्याकडे शाळेत जाणारी पोरं चाळीस फुटी ट्रेलरच्या कडेने चालत होती. मोरी, भुयारी वाट, सर्व्हिस रोड हे नकाशावर असतानाच होतं. रस्ता झाल्यावर तुम्ही अर्ज करत बसता.

भरती_ओहोटी

दादा, तुमच्याकडे नोटीस तरी येते. माझ्या आईसारख्या बायका ओहोटीला खडकांवर कालवं काढतात, त्यांच्याकडे कसलाच कागद नाही. बोटवाल्यांकडे निदान नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व असतं. तुमचा विषय वेगळा आहे, माहीत आहे. पण इथे सगळे सातबाऱ्याबद्दलच बोलतायत म्हणून लिहिलं. कोणी खडकावरच्या बायकांची नोंद सोसायटीच्या दप्तरात करून घेतली असेल तर सांगा.

जुना_कारकून

ताई, सोसायटीने ठराव करून नावांची यादी आणि कुठल्या खडकावर कोण जातं हे लिहून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावं. त्याने हक्क सिद्ध होईल असं नाही, पण पाहणीवाले येतील तेव्हा दाखवायला काहीतरी हातात राहील. डहाणू तालुका बराचसा पाचव्या अनुसूचीत (आदिवासी क्षेत्रात) येतो, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाला इथे वजन आहे.

फुकटचा_सल्ला

एजंट फिरायला लागले असतील. "साहेबांशी बोलून दर वाढवून देतो, मुखत्यारपत्र करा." करू नका. कोऱ्या चेकवर सही तर अजिबात नाही. आमच्या पाहुण्यांच्या गावात एकाने अख्ख्या वाडीची मुखत्यारपत्रं घेतली आणि मोबदल्याचा मोठा हिस्सा "खर्च" म्हणून लाटला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पीकपेरा बघितला, जुन्या कारकुनांची शंका खरी निघाली: चार आण्याला चिकू आणि बाकी "पड". त्याच्या मागे लागतो.

आता वारसाचं. मोठी आत्या वसईला, ती सही करायला तयार आहे. सुरतच्या भावंडांचं मन अजून कळत नाही. त्यांची सही नसेल तर आमचे पैसे अडकतात का?

जुना_कारकून

हिश्श्यावरून वाद दिसला तर सक्षम प्राधिकारी (भूसंपादनाचा अधिकारी) तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो, आणि निकाल लागेपर्यंत वादातली रक्कम तिथे पडून राहते. म्हणून निवाड्याआधी वारस फेरफार करून घ्या. सगळ्यांची नावं लावा, मोठ्या आत्याचं आणि वारलेल्या आत्याच्या मुलांचीही. "मुलींचं कशाला" असं कोणी गावात म्हणालं तर ऐकू नका. नंतर तेच लोक साक्षीला येत नाहीत. धाकट्या आत्याचा मृत्यूदाखला गुजरातीत असेल तर मराठी भाषांतर आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. भावंडांना फोनवर पैशाचा आकडा सांगू नका, तो कुणालाच अजून माहीत नाही. फक्त एवढंच सांगा की नाव लागलं नाही तर सगळ्यांचेच अडकतील. बहुतेकदा तेवढ्याने माणसं गाडी पकडून येतात.

धागाकर्ता

रविवारी बोलावलंय. हरकतीचा मसुदा तयार झाला की इथे टाकतो, मोरीची जागा नीट लिहिली आहे का तेवढं बघा.