मदत हवी आहे: भाकरीचं ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस, बॉडी फंक्शनच्या रकान्यात काय लिहू?

नेरुळ_ओटी: बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची पदवी), दुसरं वर्ष. 'भाकरी करणे'चं ॲनालिसिस, म्हणजे त्या कामाला काय काय लागतं ते सुटं करून लिहिणं, परवा द्यायचंय. बॉडी फंक्शनमध्ये 'पीठ मळणे, भाकरी फिरवणे' लिहिलं तर मॅडम म्हणतात ही फंक्शन्स नाहीत. मग कुठे लिहू? प्लीज लवकर सांगा.

सीवूड्सवाला: आयसीएफने (डब्ल्यूएचओचं वर्गीकरण) करतेयस की ओटीपीएफने (ऑक्युपेशनल थेरपीची चौकट)? पेशंट आहे की नुसतंच काम?

नेरुळ_ओटी: ओटीपीएफ, चौथी आवृत्ती. पेशंट आहे, स्ट्रोक.

सीवूड्सवाला: कुठली बाजू? टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, कसा आहे?

कळव्याची_मावशी: ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, भाकरी चिरत नाही.

घोडबंदर७: बाबांना स्ट्रोकनंतर रोज स्पंजचा बॉल दाबायला दिला होता, हात सुधारला. भाकरीबिकरी नंतर.

ओटी_ठाणे: त्यांचा हात तेव्हा लुळा होता की ताठ? बोटं आधीच मिटलेली असतील तर प्रश्न उघडण्याचा असतो, बॉल दाबून काय होणार? शिवाय तिने उपचार विचारलेलेच नाहीत.

घोडबंदर७: लुळा होता. पण फायदा झाला तो झालाच ना!

नेरुळ_ओटी: उजवी बाजू, टोन वाढलेला. माझं उत्तर?

ओटी_ठाणे: बॉडी फंक्शन म्हणजे शरीराच्या आत जे चालतं ते: स्नायूंची ताकद, टोन, सांध्यांची हालचाल, स्पर्श, तव्याची धग कळणं, लक्ष. हे सगळं क्लायंट फॅक्टर्समध्ये, म्हणजे पेशंटच्या स्वतःच्या बाबींत. बाहेरून जे करताना दिसतं, म्हणजे पकडणं, फिरवणं, जोर बेताचा लावणं, ते परफॉर्मन्स स्किल. मळणं ही कामाची पायरी. थापताना तळवा सपाट आणि बोटं सरळ लागतात. तुझ्या पेशंटची बोटं आत वळत असतील तर फंक्शन टोन, आणि परातीत भाकरी फिरत नाही हे स्किलमध्ये दिसेल. दोन्ही जोडून लिही. मावशींचं पाणीही घे: पीठ चिरलं की कडा सांभाळायला बोटांचं काम वाढतं, ते कामाच्या मागण्यांत लिही.

ऐरोली_पालक: बीओटीएचला नीट परीक्षा लागते का हो?

सीवूड्सवाला: त्याला वेगळा धागा काढा. नेरुळ, आयसीएफचे कोड मागितलेत का? टोन बी७३५, ताकद बी७३०, स्पर्श बी२६५.

नेरुळ_ओटी: कोड नाही मागितले, पण लिहिते. तव्यावर टाकताना तळहात वर वळवावा लागतो, ते कशात?

ओटी_ठाणे: वळणं सांध्याच्या हालचालीत, बी७१०. भाकरी न फाटता तव्यावर जाणं मात्र स्किल.