मदत हवी आहे: २०५० साली गावच्या मुली किती शिकलेल्या असतील, हे काढायचं कसं?

खाडीपलीकडची:

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं गाव. वाचनालयाला यंदा शंभर वर्षं होतायत, त्याची स्मरणिका गणपतीत काढायची ठरलीय, म्हणजे चाकरमानी गावात असतानाच खपेल. संपादक मंडळात चाळिशीच्या आतली मी एकटीच, त्यामुळे "२०५० सालची आपल्या गावची मुलगी" हे पान आपसूक माझ्या गळ्यात पडलं. बी.कॉम. झालेय आणि एक्सेल येतं, एवढंच माझं भांडवल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दहा किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्या १५ ते ४९ वयाच्या बायका देशात २०१५-१६ ला ३५.७ टक्के होत्या, २०१९-२१ ला ४१ टक्के. म्हणजे वर्षाला साधारण १.२ ची वाढ. मी तीच रेघ पुढे ओढली. २०५० ला ७७ टक्के आले, खूश झाले. हौसेनं आणखी ओढली तर २०७५ ला १०७ टक्के! धाकटा भाऊ म्हणतो, "वरच्या सात सिंधुदुर्गातून आणणार काय?"

कॉलेजसाठी उच्च शिक्षण सर्वेक्षणातला २०२१-२२ चा मुलींचा २८.५ टक्के हा आकडा घेतलाय. तोही याच आलेखात टाकला, पण काहीतरी विचित्रच दिसतंय.

गावचे आकडे शोधायला गेले तर २०११ नंतरचे जनगणनेचे आकडेच मिळाले नाहीत. मुख्याध्यापकबाईंनी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. पानं उलटताना तुकडे हातात येत होते. त्यात आजीचं नाव सापडलं. इयत्ता चौथी, शाळा सोडण्याचे कारण: घरकाम. तिच्याखाली पाच मुली, प्रत्येकीपुढे नुसतं "सदर". रजिस्टर मिटून तशीच बसून राहिले थोडा वेळ.

तर रेघ कुठे चुकली? आणि या रजिस्टरचा काही उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

आकडेबहाद्दर:

ताई, रेघ नाही, वयोगट चुकलाय. १५ ते ४९ म्हणजे अख्ख्या घराची खिचडी. पंधरा वर्षांच्या मुलीची दहावी व्हायचीच असते, आणि एकोणपन्नाशीच्या बाईची शाळा सुटून तीसेक वर्षं झालेली असतात. दरवर्षी वरच्या टोकाला कमी शिकलेल्या बाहेर पडतात, खालून जास्त शिकलेल्या आत येतात. तुमची १.२ ची वाढ मुख्यतः त्यातून येते. सगळ्या जुन्या पिढ्या निघून गेल्या की ती आपोआप मंदावणार.

म्हणून २५ ते २९ हाच गट घ्या. तोवर बहुतेकींचं शिक्षण आटोपलेलं असतं, आणि एकदा दहावी झालेली बाई पुढे कधी नववी पास होत नाही. सगळी मेख यातच आहे. २०५० ला २५ ते २९ ची असणारी मुलगी २०२० ते २५ मध्ये जन्मली. म्हणजे ती कल्पनेतली नाही, आत्ता तुमच्या अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीत बसलीय. तिला पायरीपायरीनं पुढे न्या: किती जणी आठवीला पोचतात, त्यातल्या किती दहावी होतात, बारावीनंतर किती टिकतात. पुढचा टप्पा कायम आधीच्या टप्प्यातूनच काढायचा, म्हणजे शंभराच्या वर जायचा प्रश्नच नाही.

व्हिएन्नाचं विटगेनस्टाइन सेंटर देशवार असे अंदाज २१०० पर्यंत करतं, तक्ते फुकट बघता येतात. वय, लिंग आणि शिक्षण तिन्ही धरून लोकसंख्या पुढे नेतात, कारण शिकलेल्या बाईला मुलं कमी आणि उशिरा होतात, त्यानं पुढची पिढीच बदलते. शिवाय एकच आकडा देत नाहीत. पटनोंदणी आहे तिथेच थांबली तर काय, नेहमीच्या चालीनं वाढली तर काय, झपाट्यानं वाढली तर काय, असं वेगवेगळं मांडतात. तुम्हीही तसंच करा. छापील पानावर एकच ठाम आकडा दिलात तर २०५० ला तुमचीच नात तो काढून दाखवेल.

आणि तो २८.५ आधी खोडा. ते पटावरचं प्रमाण आहे, १८ ते २३ च्या लोकसंख्येमागे किती जणी पटावर आहेत एवढंच. पदवी किती जणींच्या हातात पडली ते त्यातून कळत नाही.

गिरगावचा चाकरमानी:

वरचं सगळं मान्य, पण कोकणात एक खोच आहे. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि २००१ पासूनच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याच घटली होती. बाप्ये मुंबईला, बायका गावात. हे जुनं चित्र. आता शिकलेली मुलगीही जाते. माझी पुतणी बारावीला तालुक्यात झळकली, आज विरारला राहते आणि तिची पदवी पालघर जिल्ह्याच्या खात्यात मोजली जाणार. तुमच्या गावाचा टक्का खाली येईल तो मुली शिकल्या म्हणून, हे वाचणाऱ्याला कोण सांगणार?

पान भरायचं असेल तर शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे महर्षी कर्वे आहेतच. १९१६ ला महिला विद्यापीठ काढणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता.

तांबडी वाट:

माका आकड्यातला काय्येक कळणा नाय. पण आमच्याकडे शेवटची यष्टी संध्याकाळी साडेपाचाक. कॉलेज सुटता पाचाक. गाडी चुकली की चेडू वर्षभरात घराक बसता. ह्या तुमच्या तक्त्यात खंय घालतलास?

आकडेबहाद्दर:

बारावी ते पदवी ही जी गळती आहे, तिथेच, दादा. एस.टी.ची वेळ बदलली तर काय, हा तुमच्यासाठी वेगळा पर्याय म्हणून मांडता येईल. खरंच मांडा, ताई.

खाडीपलीकडची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अंगणवाडीत जाऊन आले. सेविकाताईंनी वही काढली, बोट फिरवत मोजलं: मुली नऊ. मी इतके दिवस टक्के काढत होते आणि २०५० ची पलटण एका सतरंजीवर बसून उसळ खात होती! नऊ म्हणजे एकीनं शाळा सोडली की अकरा टक्के गेले, तेव्हा टक्क्यांऐवजी सरळ संख्याच छापते.

एक अडचण राहिलीच. त्यातल्या दोघी जूनमध्ये आईबापांबरोबर नालासोपाऱ्याला चालल्यात. त्यांना धरू की सोडू?

गिरगावचा चाकरमानी:

दोन तक्ते कर. एक गावात जन्मलेल्यांचा, एक गावात राहिलेल्यांचा, शेजारी शेजारी. जुन्या रजिस्टरचंही तसंच, शाळा सोडताना "मुंबईस गेली" लिहिलंय त्या वेगळ्या काढ. आणि गणपतीच्या तोंडावर छापखानावाला हात वर करतो, तेव्हा आषाढातच मजकूर देऊन टाक.